सोळा इंची

अक्कलकोट रोडला, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या समोर
व्यंकय्या मेरगूंचं टायरचं दुकान.
आत रबराचा वास. बाहेर ऊन,
आणि उन्हात माझी गाडी,
चारही चाकांना टक्कल पडलेली.

भाच्यानं, श्रेणिकनं, चिठ्ठी लिहून दिली होती :
अठरा इंची रिम, अलॉय, काळीकुट्ट,
दोनशे पंचावन्नची रुंदी.
'मावशी, गाडी दिसली पाहिजे.'
मी चिठ्ठी पुढे केली,
औषधाच्या दुकानात करावी तशी.

मेरगूंनी ती वाचली नाही.
मडगार्डच्या आत हात घालून
वाळलेलं ढेकूळ उपटलं,
चिमटीत चुरलं, उन्हात धरून पाहिलं.
"मंद्रूपच्या खालची," म्हणाले.
"भीमेकडं जाता की ओ तुमी."

जाते.
जनावरांची डॉक्टर आहे मी, रात्रीबेरात्री जाते.
म्हशीच्या पोटात रेडकू आडवं आलेलं असतं
आणि शेवटच्या दोन किलोमीटरला
रस्ता म्हणावं असं काही नसतं.

"मग बगा." त्यांनी
जुन्या टायरची कापलेली फाक पुढे ठेवली,
कलिंगडाची ठेवावी तशी.
रबराच्या आत दोरेच दोरे.
"अठ्ठावीस वर्सं मिलमधी. चादर इनली, टॉवेल इनला.
ह्ये बी कापडच की.
नुसता ताणा. बाणा नावापुरता,
दोरं इकडंतिकडं हलू नयेत म्हणून."
नखानं एक दोरा सुटा केला,
ओढला, कानाशी नेऊन छेडला,
आणि जरा वेळ गिऱ्हाईक विसरले.

"अठराची रिम पायजे तर घ्या, मी इकतोच.
भायेरनं उंची तेवढीच ऱ्हाती.
आत लोखंड वाढतं, रबर घटतं.
धोंडा आला की वाकायचं कुणी?"

खडूनं फरशीवर आकडे मांडले :
दोनशे पस्तीस, सत्तर, सोळा.
इतकं अरुंद? मी विचारलं.
"रुंद चाक वाळूवर तरंगतं, खरं हाय.
काळ्या चिकलात ते वरच्यावर घसरत बसतं.
अरुंद चाक खाली उतरतं, मुरूम गावस्तोर."

आणि नक्षी? मोठ्या दातांची,
फिरता फिरता चिखल झाडून टाकणारी.
"पण हायवेला घूं घूं करील. डोकं उठतं."
करू दे, म्हटलं.
परतताना गाडीत दुसरं कुणी नसतं.
त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं,
मग पोराला हाक मारली : जॅक आण रं.

पैसे चार टायरांचे होते.
स्टेपनी जुनीच राहू दे, म्हटलं, तर हसले.
"चौघं नवे आणि एक बुटका?
चारी चाकांना जोर दिला
की आतले गिअर भांडतील.
पाचवा घेऊन जा. सावकाश द्या."

निघताना खिडकीत वाकून :
"चाक आता थोरलं झालंय, ध्यानात ठेवा.
काटा साठ दावील तवा
तुमी बासष्टच्या पुढं असाल.
काट्याचा दोष नाय. त्याला जुनंच चाक म्हाईत."

श्रेणिकचा संध्याकाळी मेसेज : फोटो?
पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही.

नवव्या दिवशी भंडारकवठ्याच्या अलीकडे
पाऊस आणि अंधार आणि तेच रान.
खाली उतरून काडीनं वाल्व दाबला,
एकेका चाकातली हवा विसावर आणली.
बॅटरी घेऊन आलेला माणूस म्हणाला,
"बसली का गाडी, मॅडम?"
"नाही. बसवतेय."
चाकं बसकी झाली,
पोटं जमिनीला टेकवून, रवंथ करणाऱ्या गुरांसारखी.

मग पहिला गिअर.
दातांतून चिखल मागे उडत होता,
खाली कुठंतरी मुरूम लागला,
ते आधी माझ्या पाठीला कळलं.
काटा आठावर, म्हणजे आठाहून जरा जास्त.
गोठ्यातला बल्ब
वाटला होता त्याच्या आधीच
समोर आला.