तेवीस माणसं आणि एक कुत्रा

गुरुवारी शेवटचा पेशंट गेला की मी हात धुते
आणि काळी चारच्या आसपास लोंबकळणारा
ड्रिलचा सूर कानातून झटकून टाकते.
मागच्या सीटवर व्हायोला, पट्टा बांधून.
लडलोपासून क्लनपर्यंत मेंढ्या, धुकं, चिंचोळे रस्ते.
समोरून ट्रॅक्टर आला, तर मागं सरायचं मीच.

आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे
ग्विलिम बेडोज, निवृत्त भूगोल मास्तर,
छडी अजून नकाशावरची नदी दाखवल्यासारखी फिरवतो;
दोन बासरीवाल्या, एकमेकींशी अबोला धरलेल्या;
एक हॉर्न, जो मेंढ्या वितात त्या महिन्यात येतच नाही;
व्हायोलिनं अकरा, कधी नऊ.
आणि व्हायोला आम्ही दोघी, मी आणि हिलरी प्रॉसर.
वय एक्याऐंशी. खालचे दात मी बसवलेले.
पान तीच उलटते,
म्हणते, तुझं बोट घाई करतं.

व्हायोला म्हणजे काय, हे मिरजेला फोनवर
आईला सांगताना मी दर वेळी फसते.
"व्हायोलिनच ना?" नाही गं, जरा मोठं.
"मग गाणं वाजवतात त्याच्यावर?" क्वचित.
"मग तू करतेस काय तिथे?"
साथ, मी म्हणते.
ती गप्प होते. तिच्या माहेरी
माडीवर भोपळे वाळत असायचे, तंबोऱ्यांचे.
"बरं," म्हणते, "जेवलीस का?"

सुट्ट्या मी कार्यक्रम बघून घेते.
गेट्सहेडला गेले एका ओबोसाठी.
ऑर्कनीला, बोटीत दोनदा ओकून, एका चौकडीसाठी,
आणि दुसऱ्या भागात डोळा लागला, तेही कबूल.
बर्मिंगहॅमला अगदी वरच्या रांगेत बसते:
तिकीट स्वस्त, आणि तिथून व्हायोलांची मनगटं दिसतात.
नवरा विचारतो, तेच तेच किती ऐकशील?
मी विचारते, वरणभात किती वर्षं खातोयस?

फेब्रुवारीत, टेकडीमागच्या त्या चर्चमध्ये,
तेवीस माणसं, एक कुत्रा,
हीटर दोन, त्यातला एक नुसता लाल,
संथ भागाच्या ऐन मध्यावर वीज गेली.
पहिली व्हायोलिनं थांबली. चाल त्यांच्याकडे होती,
पण कागदावर होती.
बासऱ्या थांबल्या, पहिल्यांदाच एकदम.
छडी कुणाला दिसत नव्हती. तीही थांबली असावी.

आम्ही दोघी थांबलो नाही.
तेच दोन सूर, खाली, वर, खाली,
जरासं सरकून पुन्हा तिथेच.
हे पाठांतर नव्हे. लोणच्यासारखं मुरलेलं होतं ते.
अंधारात हिलरीचा श्वास ऐकू येत होता,
गज वळायच्या आधी घेतलेला,
आणि दगडी भिंत आमचा आवाज
थोडा उशिरा परत देत होती.
कुणीतरी मोबाईलचा दिवा लावला.
कुणीतरी म्हणालं, "नको, राहू दे."
कुत्र्यानं एक लांब सुस्कारा सोडला.

नंतर, मेणबत्तीच्या उजेडात, थर्मासमधल्या कोमट चहावर,
चाळीस वर्षं पहिल्या बाकावर बसणारे एक आजोबा आले.
"ते मधलं काय होतं? कधी ऐकलं नव्हतं."
"दर वेळी असतं," हिलरी म्हणाली
आणि चहात बुडवलेलं तिचं बिस्किट तुटून तळाला गेलं.
मग आम्ही चमच्यानं ते शोधत बसलो.

घरी निघाले तेव्हा मिरजेत पहाटेचे साडेतीन.
फोन करायची वेळ नव्हती, आणि सांगणार तरी काय?
वळणावर ट्रॅक्टर. एवढ्या रात्री!
मी गाडी मागे घेतली, पार फाटकापर्यंत,
उजव्या हातानं चाक धरून,
डाव्या हाताची बोटं मांडीवर
तेच दोन सूर दाबत.
ट्रॅक्टरवाल्यानं हात वर केला.
मीही केला, एक मात्रा चुकवून.