येईन म्हणजे बघू

मखमलाबाद नाक्यावर, पगारेमामांच्या गिरणीच्या वरच्या खोलीत
मंगळवारी आणि शुक्रवारी मी इंग्रजीचा भविष्यकाळ शिकवते
मोझांबिकहून आलेल्या तिघांना.
खाली बाजरी दळली जाते.
फळ्यावर खडू कुठला आणि पीठ कुठलं
ते रात्री पुसताना कळत नाही.

डेल्फिना, ऑर्लांदो, झकारियास.
कॉलेजच्या अर्जात तिघांची मातृभाषा : पोर्तुगीज.
आईची भाषा माकुआ, म्हणाली डेल्फिना,
पण त्या रकान्यात ती बसली नाही.

मी सांगते, ठरलं असेल तर 'गोइंग टू',
आत्ता मनात आलं तर 'विल'.
आमच्यात बघा,
येणार आहे म्हणजे तिकीट काढलंय,
येईन म्हणजे... बघू.
डेल्फिना वहीत लिहिते : येईन म्हणजे बघू.
मी खोडायला लावत नाही.

परीक्षेत इतिहासाचा उतारा हमखास येतो,
म्हणून शब्दांची यादी :
तह, वेढा, वसाहत, वारस.
वारसावरून मृत्युपत्र निघालं, आणि झकारियास थबकला.
तो कागदही विल? हेच स्पेलिंग?
हेच.
मग स्वतःशीच हसला :
आजोबांनी मागे एक नाव ठेवलं फक्त,
तेही पाद्र्यानं दिलेलं.

पाद्री म्हणताना त्याला मराठी लागली नाही.
तशी बादलीलाही लागली नव्हती, चावीला, साबणाला,
खालच्या परातीला, कोपऱ्यातल्या पिंपाला.
पहिल्याच आठवड्यात डेल्फिना नळाशी उभी राहून
एकेक वस्तू बोटानं दाखवत सुटली होती,
जत्रेत हरवलेली चुलतभावंडं सापडावीत तशी.
तुम्हाला कुणी दिले हे?
ज्यांनी तुम्हाला दिले त्यांनीच.
बादली त्यांची असेल, मामा खालून ओरडले,
पाणी गंगापूर धरणाचं आहे, नळ बंद करा.

पुढचा शब्द होता लिलाव.
मी खुशीत येऊन म्हणाले, हासुद्धा तुमच्याकडचाच!
पिंपळगावला वडील मापाडी होते,
लहानपणी लिलावाच्या आकड्यांवर मी पाढे शिकले,
ट्रॅक्टरच्या रांगा, सालपटांचा गुलाबी धुरळा...
ऑर्लांदो पेन्सिलीचं टोक बघत होता.
आमच्या किनाऱ्यावर, म्हणाला,
या शब्दात माणसं होती.

गिरणीचा पट्टा फिरत राहिला.
त्या दिवशी मी गृहपाठ दिला नाही.

सोमवारी तो स्वतःच म्हणाला, मला बघायचाय.
सीबीएसवरून एसटीनं गेलो दोघं.
लिलाव पुकारणारा एका दमात आकडे म्हणत पुढे सरकत होता,
मागे व्यापाऱ्यांचा घोळका, कुणाचं बोट वर, कुणाची भुवई,
आणि एक ट्रॉली संपून दुसरी.
ऑर्लांदो घोळक्याबाहेर उभा राहिला बराच वेळ.
मग एका ट्रॉलीच्या फळीला धरून
टाचा उंचावून
आत डोकावला.

कांदेच होते.

त्यानं एक उचलला, वास घेतला, परत ठेवला
अगदी होता त्याच खळग्यात.
येताना बसमध्ये काही बोलला नाही,
ओझरला भेळ घेतली, माझे पैसे देऊ दिले नाहीत.

शुक्रवारी चाचणी : भविष्यकाळातली पाच वाक्यं लिहा.
झकारियासनं पाचही आईबद्दल लिहिली.
डेल्फिनानं 'गोइंग टू'ची रांग लावली, एकही 'विल' नाही,
ती तिकिटं काढून मोकळी.
ऑर्लांदोची चार नेहमीसारखी, पाऊस पडेल वगैरे.
पाचव्या ओळीत फक्त :
आय विल.
आणि पूर्णविराम, चांगला दाबून.

व्याकरणात बसतं. कुणी काही विचारलं असेल
तर एवढं उत्तर पुरतं.
मी बरोबरची खूण केली
आणि लाल पेन तसंच धरून बसले,
विचारलं काय असेल?

खाली कुणीतरी बाई विचारत होती,
मामा, दळण उद्या मिळेल ना?
मिळेल, मामा म्हणाले.