धूर दिसता कामा नये

लोकरीच्या शेडमध्ये मी अकरा वर्षं
मोहेर निवडायचे. डोळे मिटून
चिमटीत एक बट धरली की सांगायचे,
करडाची, की थकल्या बोकडाची.
इथे पहिल्याच दिवशी न्ताते खाउता म्हणाले,
"बोटं घरी ठेवून यायचं."

मोखोत्लाँगच्या इस्पितळामागे पत्र्याचं छप्पर,
आम्ही पाच जण, आणि भट्टी
आमच्यातल्या कुणाहीपेक्षा तरुण.
आधी दंडात काविळीची लस, सहा महिन्यांत तीनदा.
मग छातीचा एक्स-रे. त्यात लेशोबोरो गळला:
वेल्कोमच्या खाणीत वीस वर्षं,
फुप्फुसात सोनं सोडून सगळं निघालं.

राहिलो चौघं. मग वही.
खालची कोठडी साडेआठशे, वरची अकराशे.
वरची तापल्याशिवाय खालच्या तोंडी घास नाही.
सुयांचा डबा पाऊण भरला की बंद, दाबायचा नाही.
पारा नाही. बंद तोंडाची कुपी नाही,
ती आत फुटते, बंदुकीसारखी.
ओलं आलं तर सुक्याच्या सोबतीनं घालायचं.
काळा धूर म्हणजे तू घाई केलीस.
पांढरा म्हणजे अजून गार आहे.
"आणि नीट जळत असेल तर?"
"तर गावातले विचारतील, आज भट्टी बंद का?"

लेखी परीक्षेत सातवा प्रश्न:
कचरा म्हणजे काय, एका वाक्यात.
माझं नाव न्थोफेला. अर्थ, नुसती वस्तू.
माझ्याआधीचे दोघं पाळण्यातच गेले,
म्हणून आईनं हे ठेवलं,
मरणानं बघावं आणि पुढे जावं.
पुस्तकातलं वाक्य लिहिलं. पूर्ण गुण.

प्रात्यक्षिक रात्री. मासेरूहून आलेले परीक्षक
हातमोज्यातच पेन धरून उभे.
बाळंतिणींच्या वॉर्डातून बादली आली, चार किलो दोनशे.
वार. आमच्याकडे म्हाताऱ्या ती पुरतात
आणि कुठे ते मरेपर्यंत सांगत नाहीत.
ही मुलगी सानी खिंडीकडून घोड्यावर आलेली, एकटी.
मागायला कुणी आलं नव्हतं.

वजन लिहिलं. नावाचा रकाना नसतो.
खोक्यांचे पुठ्ठे फाडून मिसळले.
दार उघडलं, आणि मुखवट्याच्या आत
मी काहीतरी म्हटलं. फार नाही,
चार शब्द असतील.
"का थांबलात?"
"तापमान बघत होते."
काटा अकराशे बारावर होता. खोटं नव्हतं ते.

प्रमाणपत्र आलं. मुदत दोन वर्षं.
खाली हातानं लिहिलेला शेरा:
तोंडाशी विनाकारण थांबते. वजा दोन.

न्ताते खाउतांनी तो दोनदा वाचला.
ब्लँकेट खांद्यावर ओढून घेतलं,
वर चिमणीकडे बघितलं.
तिथे आभाळ होतं, नुसतं.