ळ

जेल रोडवर जसवानी म्हणाला, "लॅपटॉप क्यों, भाभीजी?
ये देखो. निकालो, लगाओ."
चुंबकाचा तो टक् आवाज
त्यानं मला तीनदा ऐकवला.

खांदा दुखतो, म्हणून हे हलकं घेतलं.
नागरी अक्षरांचे स्टिकर त्यानंच लावून दिले, फुकट.
घरी येऊन पाहते तर
ळ नाही.

वीस दिवस मंडळाचा अहवाल लिहितेय.
हलदीकुंकू. सभेची वेल. खजिनदार श्री. काले.
काळ्यांना चालतं,
त्यांच्या दारावरच्या पाटीवरही तसंच आहे.

काल शर्विलनं चित्र काढायला स्क्रीन उपटून नेली.
माझ्यापुढे नुसता कीबोर्ड.
तरी दोन ओळी बडवल्याच मी.
कुठे गेल्या असतील?

रात्री स्क्रीन परत आली,
कोपऱ्यात अर्धा जांभळा हत्ती घेऊन.
जोडायचा कंटाळा केला, तर काचेवरच अक्षरं उगवली.
"ल"वर बोट जरा रेंगाळलं,
डुलकीच लागली असावी,
आणि त्याच्या डोक्यावर एक एवढीशी खिडकी उघडली.
आत
ळ.

बोट मी लगेच उचललं नाही.