उखळीचा सांधा

आठवीत शिंत्रे बाईंनी फळ्यावर काढला होता:
एक गोळा, एक वाटी.
उखळीचा सांधा, म्हणाल्या, सगळीकडे फिरतो.
मी मागच्या बाकावर हात गरागरा फिरवून पाहिला
आणि शेजारणीच्या नाकाला कोपर लागलं.

गावाचं नाव मार्केट, राज्य मिशिगन.
आईला फोनवर वाटतं, मी सदा बाजारातच असते.
मी असते दारापुढच्या डांबरावर
पुठ्ठा अंथरून उताणी.
मे लागलाय, तरी गॅरेजच्या सावलीत
काळपट बर्फाचा एक ढीग हटून बसलाय,
आणि सत्त्याण्णवची जीप
पुढची चाकं काढून
लोखंडी घोड्यांवर उभी.

सहा महिने रस्त्यावर मीठ पडतं इथं.
या गावानं डोंगर पोखरून लोखंड काढलं,
बोटी भरभरून पाठवलं.
मीठ त्याची परत माती करतं.
नट कुठं संपला, गंज कुठं सुरू झाला,
बोटाला कळत नाही.

शेजारचा रेनो लाहती
उलट्या बादलीवर बसून आहे.
त्याच्या खुब्यात गेल्या ऑक्टोबरात
नवा गोळा बसवला, नवी वाटी,
म्हणून तो वाकणार नाही, फक्त सांगणार.
सांगतोही थोडकंच:
नट सैल कर, काढू नकोस,
नाहीतर सगळं पायावर येईल.
सांध्यावर मारू नकोस.
तो जिथं रुतलाय, त्या कडेवर मार.

मारते.
"अजून एक."
मारते.
"अजून एक."
उखळात डोकं घातलंच आहे.
सतराव्या घावाला
ठक्.
सुटलं.
रेनोनं कॉफीचा घोट घेतला.

सी-आकाराचा प्रेस
दुकानात अनामत ठेवून आणलेला.
त्याचा स्क्रू पिळताना, पान्याला हातभर पाइप लावून,
मला माझाच आवाज ऐकू आला,
जो बाळंतपणात काढला होता
आणि नंतर कधी लागला नव्हता.

हातात आला तेव्हा केवढासा!
रबराची टोपी फाटलेली,
ग्रीसच्या जागी तपकिरी पाणी.
दांडा चिमटीत धरून हलवला
तर पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा
डुगडुग.
याच्या भरवशावर मी तीन हिवाळे
लेकीला पोहायला नेत होते.

श्रीकरला हा आवाज माहीत होता.
खड्डा आला की खट्.
खट् आलं की
तो रेडिओ मोठा करायचा.
मीही कधी लहान केला नाही,
तेही लिहून ठेवते.
आता तो फीनिक्सला असतो.
तिथं मीठ पडत नाही.

नवे चार सांधे रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले होते,
मटारांशेजारी, आकसावेत म्हणून.
थंडीनं बोटांना चिकटत होते,
बसताना मात्र कुरकुरले नाहीत.
टॉर्कचा पाना टिक् म्हणेपर्यंत आवळायचं,
मग पिनेचं भोक शोधायचं.
भोक जुळलं नाही
तर नट मागे घ्यायचा नाही,
रेनो म्हणाला,
थोडा पुढेच न्यायचा.
पिनेचे पाय फाकवून दुमडताना
अंगठा कापला. फारसा नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला शेजारी बसवून
थर्ड स्ट्रीटचा उतार,
मुद्दाम खड्ड्याखड्ड्यांतून.
रेडिओ बंद.
काही नाही.
पुन्हा एक खड्डा.
काहीच नाही.
हसू आवरेना मला.

मग वळणावर, मागून कुठून तरी,
अगदी बारीक,
पाळण्याच्या कडीसारखं
कुर्र.

मी रेनोकडे पाहिलं.
तो समोर रस्त्याकडे बघत होता.
"ते?" म्हणाला.
"ते तर कधीचंच आहे."