तिरका सोफा

ऑर्व्हिलने आधी पैसे मोजले, मग खोली.
अ‍ॅम्प्लिफायर दुकान बंद करणाऱ्या न्हाव्याकडून.
आवाजाचं बटण गायब, पकडीनं पिळायचं.
समोरचे दोन स्पीकर दोन घरांतले,
अजून सूर जुळलेला नाही त्यांचा.
सबवूफरखाली फरशी, फरशीखाली जुनी रजई,
कारण खाली मिसेस कोवाल्चुक झोपतात.

मधल्या स्पीकरला मात्र हात आखडला नाही:
माणसं बोलतात ती तिथून.

बर्निसचा डावा कान
पोलादाच्या कारखान्यातच राहिला.
म्हणून पुस्तकातला कोन सोडून
त्यानं सोफाच तिरका केला.

बाहेर हॅमिल्टनभर बर्फ.
पडद्यावर विमानं कोसळली,
ती जांभई देत होती.
मग कुणीतरी बशीत चमचा ठेवला
आणि तिनं वळून
स्वयंपाकघराकडे पाहिलं.