फाइलीचं शेपूट

काळ्या पडद्यावर एक ओळ,
ओळीच्या टोकाला लुकलुकणारा ठोकळा.
बोग्लार्का बूट काढून, पाय खुर्चीत घेऊन बसली आहे.
मिश्कोल्त्समध्ये रात्रीचे पावणेदोन.
दियोशग्योरकडे जाणारी शेवटची ट्राम केव्हाच गेली.

चित्रं नकोत तिला, बटणं नकोत.
शब्द टाइप करते, आखूड, तुटक,
निघता निघता दारावर चिकटवलेल्या चिठ्ठीतले असावेत तसे.
फाइल वाचायला मांजर,
वरच्या दहा ओळींना डोकं,
खालच्या दहांना शेपूट.
नावं ठेवणारे ठेवून गेले.
ती शेपूट धरून बसली आहे,
आणि तळघरातल्या थंड कपाटांत
लोखंडाचे त्रेपन्न अणू
एकमेकांपासून किती लांब राहावं ते ठरवताहेत.

चोपन्न असायला हवे होते.
एक तिनंच वगळला, एक ओळ खोडून.
त्या रिकाम्या जागेशेजारी हायड्रोजनचा एक अणू सोडला,
सगळ्यांत लहान, कुणाच्या खिजगणतीत नसलेला.
बघू, म्हणाली, कुठे जातो.

जुळत नाही.
ऊर्जेचा आकडा वर जातो, खाली येतो, पुन्हा वर,
झोप उडालेल्यानं कूस बदलावी तसा.
ती चालतं काम मारून टाकते.
यंत्र विचारत नाही, नक्की ना?
आज्ञा म्हणजे आज्ञा.
मग फाइलीत शिरून एकच आकडा बदलते:
नवं जुन्यात दहातलं सात नको,
दहातलं एकच मिसळ.
हळू.

सकाळी आठला बाप येतो, रुमालात पोगाचा बांधून.
वेंडेल. एकतीस वर्षं हातोडीनं आस ठोकून
कान लावून ऐकत आलेला माणूस.
पडद्याकडे बघतो, चष्मा काढतो, पुन्हा लावतो.
"यात लोखंड कुठे आहे?"
ती बोटानं दाखवते. तीन-तीन आकड्यांच्या त्रेपन्न ओळी.
"आणि हा?"
"हायड्रोजन."
तो बसतो.

"सत्त्याऐंशीत एक आस तडकली.
तीन दिवस नुसती पडून होती, ओझं नाही, काही नाही.
चौथ्या पहाटे बंदुकीसारखा बार.
लोरिंत्सनं आच नीट दिली नाही, असं ठरलं.
कागद फिरला.
तिला ठोकून मीच पाहिलं होतं, आवाज स्वच्छ होता.
तरी सही केली."

लोरिंत्सची बदली भंगाराच्या आवारात.
अकरा हिवाळे.

बोग्लार्का एक शब्द टाकून बावीस हजार ओळी चाळते.
हाती एक ओळ येते:
ऋण शून्य पूर्णांक सहा.
आपल्या भाषेत ऋण म्हणजे उणेही आणि देणंही,
त्या दोघांना हे ठाऊक नाही.
"पोकळी मिळाली की तो तिथेच बसतो," ती सांगते,
"बाकीचेही येतात मागून, सावकाश, दिवस-दिवस लावून.
पण हा एकच अणू आहे, बाबा.
तुमची आस यानंच गेली, असं मी म्हणू शकत नाही."
"होऊ शकतं, एवढं तरी?"
"होऊ शकतं."
"हे तुला काल रात्री कळलं?"
ती पोगाचाचा तुकडा मोडते, खात नाही.
"नाही. मी फक्त आकडा काढला.
बाकी पुस्तकांत होतं.
त्या सालीही होतं."

बराच वेळ पंख्यांचाच आवाज.
मग तो विचारतो,
केलेलं मागे फिरवायची आज्ञा असते का यात.
"पुसायची असते," ती म्हणते.
"पुसलेलं परत आणायची नसते."

तो रुमाल झटकतो, चौपदरी घडी घालतो.
दारात थांबून, सवयीनं,
टेबलाखालच्या पत्र्याच्या पेटीवर
बोटाच्या पेराने एक टिचकी मारतो.
मान कलती करून ऐकतो.

"ठीक आहे," म्हणतो.
आणि मग, जिन्यावरून,
"माझ्या कानावर जाऊ नकोस."